ब्लोअर सुरू झाला की रीडिंग का नाचतात: अ‍ॅनालॉग इनपुटच्या अर्थिंगचा दोष शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कारखान्याच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) पॅनेलमध्ये पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचं) आठ चॅनेलचं अ‍ॅनालॉग इनपुट कार्ड आहे. त्यावर तीन लेव्हल, दोन प्रेशर, दोन फ्लो आणि एक पीएच, सगळे किमान मोजमापाला ४ आणि कमाल मोजमापाला २० इतका करंट देणारे, म्हणजे ४-२० मिलिअ‍ॅम्प. एअर ब्लोअरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) सुरू झाला की चार-पाच रीडिंग नाचायला लागतात. पीएच तर ब्लोअर बंद असतानाही लॅबच्या मीटरपेक्षा अर्ध्या-पाऊण अंकाने कमी दिसतो. शिल्ड (सिग्नलच्या तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) दोन्ही टोकांना अर्थ करून झालं, पॅनेलसाठी वेगळा अर्थ पिट खणून झाला, कार्ड बदलून झालं. फरक शून्य. आता काय करायचं?

बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एक काम आजच करा. नव्या पिटची वायर जोडताना पॅनेलची जुनी अर्थ पट्टी कोणी सोडवून ठेवली असेल, तर ती आत्ता परत जोडा. ट्रान्समीटरच्या (मोजमाप करंटच्या रूपात पाठवणाऱ्या उपकरणाच्या) बॉडीची, ड्राइव्हची किंवा मोटरची अर्थ वायर "बघू, नॉइज जातो का" म्हणून काढली असेल तर तीही. ती वायर माणसाच्या जिवासाठी आहे. पॅनेलला अर्थ नसेल तर आतल्या एसएमपीएसच्या (२४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे पत्र्यावर पुरवठ्याच्या जवळपास निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. हात लावला की झिणझिण्या येतात. आणि त्याच वेळी आत कुठे फेज पत्र्याला टेकली तर झिणझिण्यांवर भागणार नाही, कारण ब्रेकर ट्रिप व्हायला वाटच उरलेली नसते. मी या कामात सत्तावीस वर्षं आहे आणि अर्थ वायर काढून दुरुस्त झालेलं एकही रीडिंग मी मान्य केलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. तुमच्याकडे एक दोष नाही, दोन आहेत, आणि तुम्ही दोघांना एकच औषध देत आहात. पीएच कायमचा सरकलेला आहे, तो स्थिर आहे आणि ब्लोअरशी त्याचा संबंध नाही. बाकीची रीडिंग ब्लोअरबरोबर नाचतात. स्थिर सरकणं आणि नाचणं यांची कारणं बहुतेक वेळा वेगळी निघतात. म्हणून दोन्ही वेगळे धरून चला.

कामाला हात लावण्याआधी भाषा स्वच्छ करावी लागेल. आपल्याकडे शॉप फ्लोअरवर "अर्थिंग दे रे त्याला" या एका वाक्यात चार निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली, सुरक्षेची अर्थ, म्हणजे पत्र्याला, मोटरला, ट्रान्समीटरच्या बॉडीला जोडलेली हिरवी-पिवळी वायर. दुसरी, पॅनेलमधली इन्स्ट्रुमेंट अर्थ बार, जिच्यावर शिल्ड येतात. तिसरी, २४ व्होल्ट पुरवठ्याचा झिरो, ज्याला कोणी कॉमन म्हणतं तर कोणी मायनस. चौथी, केबलचं शिल्ड. या चारही गोष्टी कुठेतरी एकमेकींना जोडलेल्या असायलाच हव्यात, पण प्रत्येक जोड ठरवून केलेला आणि ठरलेल्या जागी असावा. अर्थिंगचा दोष म्हणजे बहुतेक वेळा यांतल्या दोन गोष्टी अशा एका जागी जोडल्या गेलेल्या असतात, जी कोणाच्याच ड्रॉइंगमध्ये नाही.

म्हणून "नॉइज कुठून येतो" हा प्रश्न मी विचारत नाही. मी विचारतो, करंट परत कुठून जातो? जो करंट निघाला तो आपल्या उगमाकडे परत जाणारच. तुम्ही दिलेली वाट त्याला सोपी असेल तर तिने जाईल, नाहीतर टाकी, पाइप, आर्मर (केबलवरचं धातूचं कवच), शिल्ड, कार्डाचा कॉमन, जे सापडेल त्यातून जाईल. कागद घ्या आणि आठही लूप, म्हणजे प्रत्येक सिग्नलच्या करंटचं पूर्ण वर्तुळ, काढा. पुरवठा कुठे, ट्रान्समीटर कुठे, कार्डाचा प्लस-मायनस कुठे, आणि त्या लूपवर अर्थ कुठे-कुठे टेकते. ड्रॉइंगवरून उतरवू नका, टर्मिनल बघून काढा. या एका कागदावर निम्मा दोष दिसतो.

त्या कागदावर एक फरक ठळक करा: टू-वायर ट्रान्समीटर कोणते आणि फोर-वायर कोणते. टू-वायर ट्रान्समीटरला पुरवठा त्याच दोन तारांतून मिळतो. त्याचं आतलं सर्किट बॉडीपासून अलग असतं, त्यामुळे लूपला अर्थ फक्त पॅनेलमध्ये एका जागी मिळते. परतीची दुसरी वाटच नसल्यामुळे असे लूप सहसा शांत असतात. फोर-वायर उपकरणाला स्वतःचा २३० व्होल्टचा पुरवठा असतो आणि त्याचं आउटपुट आतून अलग केलेलं असेलच असं नाही. जुन्या किंवा स्वस्त उपकरणांत आउटपुटचा मायनस थेट बॉडीला टेकलेला मी अनेकदा पाहिला आहे. तुमचे दोन फ्लो आणि पीएच फोर-वायर असणार. संशय तिथून सुरू करा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यावर पुष्कळ वेळ वाया जातो. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक आहे म्हणून ४-२० चं रीडिंग आपोआप चुकत नाही. ०-१० व्होल्टचा सिग्नल असेल तर चुकतं; तिथे १०० मिलिव्होल्टचा फरक म्हणजे सरळ एक टक्का. पण करंट लूपमध्ये ट्रान्समीटर ठरलेला करंट ढकलतो, कार्डातल्या २५० ओहमवर त्याचा १ ते ५ व्होल्ट होतो आणि कार्ड तेवढाच मोजतं. मधल्या तारेत किती व्होल्ट पडले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ४-२० लोकप्रिय झालं ते यासाठीच.

मग चुकतं कुठे? पहिली जागा कार्डाचा कॉमन. साध्या कार्डात आठही चॅनेलचे मायनस आतून एकत्र असतात. दोन फोर-वायर उपकरणांनी आपापले मायनस शेतात वेगवेगळ्या जागी अर्थला टेकवले असतील (शेत म्हणजे पॅनेलच्या बाहेरचा सगळा प्लांट, आम्ही फील्डला असंच म्हणतो), तर त्या दोन जागांमधल्या फरकाने जो करंट वाहतो तो कार्डाच्या कॉमनमधून वाहतो. मग ज्या चॅनेलचा काहीच गुन्हा नाही तेही हलतात. दुसरी जागा डिफरन्शिअल कार्डाची मर्यादा. त्यात मायनस एकत्र नसतात, पण एका चॅनेलपासून दुसऱ्या चॅनेलपर्यंत किती व्होल्टचा फरक चालेल हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि काही कार्डांत तो आकडा दोन-अडीच व्होल्टच असतो. तो ओलांडला की रीडिंग कुठेही जातं. तिसरी जागा म्हणजे सिग्नलची तार स्वतःच अर्थला गळणं. त्याकडे नंतर येतो. आणि चौथी, एकाच लूपमध्ये पीएलसी आणि वेगळा इंडिकेटर किंवा रेकॉर्डर सिरीजमध्ये असणं. दोघांचेही मायनस अर्थ झाले तर मधलं उपकरण शॉर्ट होऊन बसतं.

कार्डाच्या बाबतीत एका शब्दाने भल्याभल्यांची फसगत होते. माहितीपत्रकात "आयसोलेटेड" (विजेने अलग केलेलं) लिहिलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. बहुतेक कार्डांत ते आयसोलेशन चॅनेलचा पूर्ण गट आणि सीपीयू यांच्यामधलं असतं. चॅनेल ते चॅनेल आयसोलेशन ही वेगळी आणि महाग गोष्ट आहे. मॅन्युअलमध्ये ते शब्द स्वच्छ लिहिलेले असतील तरच ते आहे असं समजा.

आता प्रत्यक्ष शोध. याला बॅटरीवर चालणारा लूप कॅलिब्रेटर (हवा तेवढा करंट देणारं हातातलं उपकरण) लागतो. बॅटरीवरचाच हवा, कारण तो अर्थला कुठेही टेकलेला नसतो. आठही चॅनेलच्या शेतातून आलेल्या दोन्ही तारा टर्मिनलवर सोडवा, फेरूल (तारेवरची नंबरची खूण) तपासून नंबर लिहून ठेवा, आणि एका चॅनेलवर कॅलिब्रेटरने १२ मिलिअ‍ॅम्प द्या. ब्लोअर पूर्ण वेगाने चालवा. रीडिंग ५० टक्क्यांवर खिळून राहिलं तर कार्ड, त्याचा पुरवठा आणि पॅनेलची आतली वायरिंग निर्दोष. कार्ड बदलण्याआधी हे केलं असतं तर कार्डाचे पैसे वाचले असते. इथेही रीडिंग नाचलं, तर दोष पॅनेलच्या आत आहे. ड्राइव्हच्या पॉवर केबल सिग्नलच्या डक्टमधून गेल्या आहेत का ते बघा.

रीडिंग खिळून राहिलं असं धरू. आता कॅलिब्रेटर तसाच त्या चॅनेलवर ठेवा आणि शेतातला एकेक लूप परत जोडा. प्रत्येक जोडणीनंतर एक मिनिट थांबून कॅलिब्रेटरच्या चॅनेलकडे बघा. ज्या लूपची तार जोडल्याबरोबर हा परका चॅनेल हलला, तो लूप गुन्हेगार. या पद्धतीला वेळ लागतो आणि शिफ्टच्या लोकांना कंटाळा येतो, पण अंदाजाने वायर हलवण्यात जे दिवस जातात त्यापुढे हे दोन तास काहीच नाहीत. फक्त आधी कंट्रोल मॅन्युअलवर घ्या आणि ऑपरेटरला शेजारी उभं करा, म्हणजे रीडिंग गायब झालं म्हणून डोसिंग पंप भलतंच काही करणार नाही.

दुसरी तपासणी पुरवठा बंद करून करायची. २४ व्होल्टचा झिरो पॅनेलमध्ये अर्थला एका लिंकने जोडलेला असतो. काही सीपीयूंमध्ये ही जोडणी आतूनच असते किंवा पुढच्या छोट्या स्लायडरने होते, ते मॅन्युअलमध्ये बघा. ती लिंक तेवढ्यापुरती उघडा आणि झिरो ते अर्थ बार मल्टिमीटरने ओहम मोजा. आतल्या कपॅसिटरमुळे आकडा हळूहळू चढेल, त्याला थोडा वेळ द्या. चढून मेगओहमकडे गेला तर शेतात दुसरी अर्थ नाही. दोन-चार ओहमवरच अडकला तर कुठेतरी लपलेली जोडणी आहे. एकेक लूप सोडवत जा, ज्या लूपला आकडा उडी मारेल तिथे ती आहे. मोजून झालं की लिंक परत लावायची. आणि हे काम मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) कधीही करू नका. ५०० व्होल्टचा मेगर जोडलेल्या कार्डावर फिरवला की कार्ड गेलं.

तिसरी तपासणी म्हणजे दीड स्क्वेअर एमएमच्या वायरचं बंडल घ्या, एक टोक पॅनेलच्या अर्थ बारला बांधा आणि बंडल उलगडत टाकीपर्यंत जा. तिथे मल्टिमीटरने त्या वायरच्या टोकापासून ट्रान्समीटरच्या बॉडीपर्यंत एसी आणि डीसी दोन्ही मिलिव्होल्ट मोजा. ब्लोअर बंद असताना एकदा, चालू असताना एकदा. चालू केल्यावर आकडा एकदम वाढला तर ब्लोअरचा करंट तुमच्या टाकीतून परत जातो आहे हे उघड झालं. लूपमध्ये सिरीजला मीटर लावून एसी मिलिअ‍ॅम्पही बघता येतो, पण ट्रान्समीटर हार्टवर (त्याच दोन तारांवरून डिजिटल माहिती पाठवायची पद्धत) बोलत असेल तर त्याचा १२०० आणि २२०० हर्ट्झचा, अर्ध्या मिलिअ‍ॅम्पच्या शिखराचा सिग्नलही मीटरला एसी म्हणून दिसतो. तो नॉइज नव्हे.

आता पीएच. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा दोष फार फसवा आहे आणि मी तो स्वतः एका साखर कारखान्यात तीन दिवस चुकीच्या जागी शोधला आहे.

गळीत हंगामाचा दुसरा आठवडा होता. सल्फिटेशनच्या (चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन उसाचा रस स्वच्छ करण्याच्या पायरीवरच्या) रसाचा पीएच सातच्या आसपास ठेवायचा असतो. तो खाली गेला तर साखरेचं इन्व्हर्जन होतं (साखर फुटून वाया जाते), वर गेला तर रसातल्या रिड्यूसिंग शुगरचा नाश होऊन साखरेचा रंग काळवंडतो. पीएलसीवर ६.४ दिसत होता म्हणून चुना वाढत होता, आणि लॅबचा नमुना सांगत होता की खरा पीएच सात आहे. चीफ केमिस्ट दर तासाला चिठ्ठी घेऊन येत. आम्ही इलेक्ट्रोड बदलला, बफरमध्ये कॅलिब्रेट केला, बफरमध्ये तंतोतंत बरोबर. टाकीत टाकला की परत ६.४. मग दुसरा नवा इलेक्ट्रोड. तेच.

तिसऱ्या रात्री आमचा हेल्पर टाकीतला रस प्लास्टिकच्या बादलीत घेऊन इलेक्ट्रोड त्यात बुडवून बसला होता. तो म्हणाला, "साहेब, बादलीत बरोबर दाखवतोय की!" खरोखर सात दिसत होता. तोच रस, तोच इलेक्ट्रोड, तीच केबल. मी एक वायर घेतली, एक टोक टाकीच्या बोल्टला आवळलं आणि दुसऱ्या टोकाला स्टीलची सळई बांधून ती बादलीत बुडवली. आमच्या डोळ्यांसमोर आकडा सातवरून घसरत ६.४ वर येऊन थांबला. सळई बाहेर काढली, परत सात.

झालं असं होतं: त्या जुन्या पीएच ट्रान्समीटरचं आउटपुट आतून अलग नव्हतं. त्याचा रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत पीएचचे व्होल्ट मोजतात तो), त्याचा कॉमन आणि ४-२० चा मायनस हे आतून एकच. मायनस पीएलसीच्या कार्डावरून पॅनेलच्या अर्थला गेलेला. आणि रस टाकीच्या पत्र्यातून टाकीच्या अर्थला टेकलेला. म्हणजे वर्तुळ पूर्ण: टाकी, रस, रेफरन्स इलेक्ट्रोड, ट्रान्समीटर, पीएलसी, पॅनेलची अर्थ आणि जमिनीतून परत टाकी. त्या वर्तुळात किती करंट लागतो ते बघा. ७० अंशांना पीएचच्या एका अंकाचे साधारण ६८ मिलिव्होल्ट होतात, म्हणजे ०.६ अंकांचे ४० मिलिव्होल्ट. रेफरन्स इलेक्ट्रोडचा अवरोध १० किलोओहम धरला तर ४ मायक्रोअ‍ॅम्प पुरे. एवढा करंट दोन धातूंमधल्या नैसर्गिक फरकानेही सहज वाहतो, त्याला ड्राइव्ह लागत नाही आणि मोटरही लागत नाही. म्हणून तो ब्लोअर बंद असतानाही दिसतो, आणि म्हणून तुमचाही दिसतो आहे.

आम्ही ४-२० च्या दोन्ही तारा पीएलसीवरून सोडवल्या आणि टाकीशी लावलेल्या ट्रान्समीटरच्या डिस्प्लेवर ताबडतोब सात आला. वाट पीएलसीतूनच जात होती याचा तो पुरावा. मध्ये एक सिग्नल आयसोलेटर (सिग्नल पुढे देणारं, पण दोन बाजूंमधली विजेची थेट जोड तोडणारं उपकरण) बसवला, त्या हंगामात पुन्हा तक्रार आली नाही. तुम्हीही बादलीची परीक्षा करा. प्लास्टिकचीच बादली हवी, आणि ती लोखंडी ग्रेटिंगवर ओली करून ठेवू नका, कोरड्या फळीवर ठेवा. बादलीत बरोबर आणि टाकीत चूक, इतकं दिसलं की निदान झालं.

थर्मोकपलमध्येही (तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या जोडात) हेच सापडतं, तुमच्याकडे नाहीत म्हणून एका ओळीत सांगतो: के टाइपला एका अंशाचे ४१ मायक्रोव्होल्ट, त्यामुळे टोक आवरणाला वेल्ड केलेलं असेल आणि कार्ड अलग नसेल तर एक मिलिव्होल्टची घुसखोरी २४ अंशांची चूक दाखवते.

आता नाचणाऱ्या रीडिंगकडे. ड्राइव्ह मोटरला साइन वेव्ह देत नाही. ४१५ व्होल्टचा साधारण ५८० व्होल्ट डीसी करून तो सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद करतो. प्रत्येक धडक्याला केबलच्या आणि वाइंडिंगच्या कपॅसिटन्समधून थोडा करंट मोटरच्या बॉडीत उतरतो, आणि त्याला परत ड्राइव्हकडेच जायचं असतं. मोटरच्या केबलमध्येच नीट जोडलेला अर्थ कोअर किंवा आर्मर असेल तर तो शहाण्यासारखा त्यातून जातो. आपल्याकडे कित्येक ठिकाणी साडेतीन कोअर अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड केबल टाकलेली असते, आर्मर एका टोकाला ग्लँडमध्ये (केबल शिरते तिथे तिला पकडणाऱ्या तुकड्यात) धरलेला आणि दुसऱ्या टोकाला नुसताच कापून टेप मारलेला. मग तो करंट मोटरच्या बेसमधून स्ट्रक्चरमध्ये, तिथून टाकीत, ट्रान्समीटरच्या बॉडीत आणि शिल्डमधून पॅनेलमध्ये जातो. तुम्ही शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ केलं तेव्हा त्याला ही वाट आणखी रुंद करून दिली.

ब्लोअरला बायपास स्टार्टर असेल तर ड्राइव्हविना ब्लोअर चालवून बघा. रीडिंग शांत झाली तर दोष ड्राइव्हच्या करंटचा, ब्लोअरच्या कंपनाचा किंवा हवेच्या झटक्यांचा नाही. ही खात्री आधी हवी, कारण एअरेशन टाकीची लेव्हल ब्लोअर सुरू झाल्यावर खरोखरच हलते आणि तिथे ट्रान्समीटर खरं बोलत असतो. मला एकदा अर्थिंगसाठी बोलावलं होतं आणि प्रेशर ट्रान्समीटरची इम्पल्स लाइन (त्याच्यापर्यंत दाब नेणारी बारीक नळी) थरथरत होती, बाकी काही नव्हतं.

दुरुस्ती ड्राइव्हच्या बाजूने सुरू करा. मोटरची केबल दोन्ही टोकांना आर्मरच्या ग्लँडसकट नीट पकडा, ग्लँड बसते तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा. मोटरच्या बॉडीपासून ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलपर्यंत थेट वायर हवी, मध्येच स्ट्रक्चरला टेकवून आणलेली नको. सिग्नलच्या केबल या केबलपासून निदान एक फूट लांब, वेगळ्या ट्रेमध्ये. ओलांडावीच लागली तर काटकोनात. ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती वेळा चालू-बंद करायचं तो आकडा) उगाच वर ठेवलेली असेल तर खाली आणा. मोटरचा आवाज थोडा वाढेल, त्रास कमी होईल.

मग शिल्ड. ४-२० च्या केबलचं शिल्ड पॅनेलच्या टोकाला अर्थ करा, शेताच्या टोकाला कापून हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. जंक्शन बॉक्समध्ये ते वेगळ्या टर्मिनलवरून पुढे न्या, बॉक्सच्या बॉडीला टेकू देऊ नका. दोन्ही टोकांना शिल्ड अर्थ करणं चूकच असतं असं नाही. फार उच्च फ्रिक्वेन्सीला ते उपयोगी पडतं, पण त्यासाठी दोन्ही जागा जाड वाहकाने एकमेकींना बांधलेल्या असाव्या लागतात. ते नसेल तर शिल्ड स्वतःच ५० हर्ट्झचा करंट वाहायला लागतं. मिलिअ‍ॅम्प मोजणारा लीकेज क्लॅम्प मीटर एकट्या शिल्डच्या वायरभोवती धरला की दिसतं. पॅनेलमध्ये शिल्डची हातभर शेपटी काढून लांबच्या बारला नेण्याची सवय सोडा. मीटरभर वायरचा इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री, आणि १ मेगाहर्ट्झला त्याचे ६ ओहमहून जास्त होतात. केबल पॅनेलमध्ये शिरते तिथेच क्लॅम्पने शिल्ड बारवर दाबा. आर्मरची गोष्ट निराळी आहे. तो सुरक्षेसाठी आहे, त्याला दोन्ही टोकांना अर्थ हवीच. शिल्ड आणि आर्मर यांची गल्लत करून आर्मर सोडवू नका.

ट्रान्समीटरचं झाकण उघडलंच आहे तर ड्रेन वायर (शिल्डला लागून असलेली उघडी तार) जवळून बघा, टॉर्च मारून. एका प्लांटमध्ये सहा महिने लेव्हल अधूनमधून खाली यायची. स्लीव्ह अर्धा सेंटिमीटर आखूड पडला होता आणि ड्रेनची एक तार, केसाएवढी, सिग्नलच्या स्क्रूला झाकण आवळलं की टेकायची, उघडलं की सुटायची. म्हणून उघडून बघणाऱ्या प्रत्येकाला लूप चांगलाच सापडायचा.

पावसाळ्यातल्या गळतीबद्दल एवढंच लक्षात ठेवा की चूक कोणत्या दिशेला आहे त्यावरून जागा कळते. टू-वायर लूपमध्ये जंक्शन बॉक्सात पाणी साचून प्लस आणि सिग्नल या दोन तारांमध्ये गळती झाली, तर जास्तीचा करंट कार्डात येतो आणि रीडिंग वाढतं. ट्रान्समीटरकडून कार्डाकडे येणारी सिग्नलची तार अर्थला गळली, तर काही करंट कार्डाला वळसा घालून थेट झिरोला जातो आणि रीडिंग कमी होतं. प्लसची तार अर्थला गळली तर रीडिंगवर परिणाम नाही, फक्त पुरवठ्यावर भार आणि एक दिवस फ्यूज. कोकणपट्टीत मी जून लागला की आधी जंक्शन बॉक्सचे खालचे ग्लँड आणि गॅस्केट बघतो, मग मीटर काढतो.

नव्या पिटबद्दल. वेगळा "इलेक्ट्रॉनिक अर्थ" खणून तो बाकीच्या अर्थपासून तोडून ठेवायची पद्धत अजून खूप ठिकाणी आहे आणि ती मला बेचैन करते. दोन पिट जमिनीने जोडलेले असतात असं आपण मानतो, पण ती जोडणी काही ओहमची असते, आणि एप्रिल-मे मध्ये काळी माती भेगाळली किंवा मुरूम कोरडा पडला की आणखी वाईट. प्लांटमध्ये फॉल्ट झाला किंवा वळवाच्या पावसात वीज पडली की दोन पिटांमध्ये शेकडो-हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो, आणि तो सगळा तुमच्या अ‍ॅनालॉग कार्डावर आणि त्या क्षणी पॅनेलला हात लावून उभ्या असलेल्या माणसावर येतो. आयएस ३०४३ हा आपला अर्थिंगचा कोड आहे, २०१८ मध्ये सुधारलेला. सगळ्या अर्थ एकमेकींना बांधून समपातळीत ठेवायच्या हेच त्याचंही सांगणं. इन्स्ट्रुमेंट अर्थची बार पॅनेलमध्ये वेगळी असू दे, इन्सुलेटरवर बसवलेली असू दे, पण ती मुख्य अर्थला एका जागी जोडलेलीच हवी. तुमचा नवा पिट वाया जाणार नाही, तो जीआय पट्टीने मुख्य ग्रिडला बांधून टाका.

सॉफ्टवेअरचं फिल्टर सगळ्यात शेवटी. कार्डाच्या कॉन्फिगरेशनमध्ये मेन्सच्या फ्रिक्वेन्सीचं सेटिंग असतं ते मात्र आधीच बघा: आपल्याकडे ५० हर्ट्झ हवं, आणि अमेरिकी बनावटीच्या काही कार्डांत ते मुळात ६० वर येतं. ५० ला लावलं की कार्ड २० मिलिसेकंदांच्या पूर्ण आवर्तनात सरासरी घेतं आणि मेन्सचा गुणगुणाट आपोआप कटतो. पण दहा सेकंदांची सरासरी लावून नाचणारी रेघ सरळ दाखवणं म्हणजे दोष झाकणं. कार्डाच्या कॉमनमधून वाहणारा करंट तसाच राहतो.

तुमच्यासाठी खरेदी तीन आयसोलेटरची आहे: पीएच आणि दोन फ्लो. या तिघांना स्वतःचा पुरवठा आहे, म्हणून २४ व्होल्टवर चालणारे आयसोलेटर घ्या, पॅनेलमध्ये बसवा. लूपवरच चालणारा आयसोलेटर टू-वायर लूपमध्ये लावायची वेळ आली तर व्होल्टचा हिशेब आधी मांडा: २४ मधून ट्रान्समीटरला १२, कार्डाच्या २५० ओहमवर २० मिलिअ‍ॅम्पला ५, उरले ७, त्यात केबल आणि आयसोलेटर दोन्ही बसले पाहिजेत. आणि फोर-वायर उपकरणाला कार्डावर टू-वायरच्या पद्धतीने जोडलेलं नाही ना, म्हणजे दोन्हीकडून पुरवठा एकमेकांवर येत नाही ना, हे आयसोलेटर लावण्याआधी बघून घ्या.

उद्या सकाळी बादलीपासून सुरुवात करा. मग कॅलिब्रेटर, मग बायपासवर ब्लोअर. तीन आकडे लिहून ठेवा: पीएच बादलीत आणि टाकीत किती, लिंक उघडल्यावर झिरो ते अर्थ किती ओहम, आणि फ्लोमीटरच्या बॉडीपासून पॅनेलच्या बारपर्यंत ब्लोअर बंद आणि चालू असताना किती मिलिव्होल्ट. ते आकडे आणि आठ लूपचा तो कागद समोर आला की पुढचं नेमकं सांगता येईल.